मदत हवी आहे: शहरातल्या सिझियमचं मॉडेल रस्त्यावर जुळतं, मैदानावर चुकतं

रेणुकण
लाकडी घरांच्या वस्तीत बाहेरचा मात्रादर (दर तासाला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा) पाच वर्षांत कसा उतरेल, याचं मॉडेल पायथॉनमध्ये करतोय. नमुना २०११च्या अणुअपघातानंतरच्या फुकुशिमा शहराचा. गवत, छप्पर, भिंत, डांबर, सगळीकडे किरणोत्सर्गी सिझियम-१३४ आणि १३७ प्रत्येकी चौरस मीटरला १०० किलोबेकरेल धरलं आणि घट फक्त किरणोत्सर्गी अर्धायुष्याची लावली. जमिनीपासून एक मीटरवर सुरुवातीला तासाला ०.७५ मायक्रोसीव्हर्ट येतो, पाच वर्षांनी ०.२९. गाडीवरून घेतलेली मोजमापं याच्या बरीच खाली आहेत. एकच गुणक लावून मॉडेल खाली ओढलं की रस्ता जुळतो, पण मैदानावरचे आकडे मॉडेलच्या वर जातात. पन्हळीच्या तोंडाशी मिळणारे तीव्र ठिपके तर मॉडेलमध्ये उमटतच नाहीत. काय बदलू?

शून्यांतर
अर्धायुष्याचं गणित बरोबर आहे. सुरुवातीची ७२ टक्के मात्रा एकट्या १३४ची, आणि त्याचं अर्धायुष्य जेमतेम दोन वर्षांचं.

तो गुणक मात्र काढून टाका. गाडी फक्त रस्ता मोजते, आणि डांबरावरचं सिझियम सगळ्यात आधी धुऊन जातं. तोच गुणक मैदानाला लावला तर मुलांना मिळणारी मात्रा कमी दिसेल, आणि ही चूक धोक्याच्या बाजूची आहे.

१५ मार्च २०११च्या संध्याकाळी फुकुशिमा शहरात सिझियम पाऊस-बर्फाबरोबर उतरलं. अशा वेळी भिंती जवळपास कोऱ्या राहतात आणि छपरावरचा बराच भाग पाण्याबरोबर निघून जातो. चौरस मीटरमागे बसलेलं सिझियम गवतावर १ धरून डांबर ०.५, छप्पर ०.४, भिंत ०.०१ इथून सुरुवात करा. चेर्नोबिलजवळच्या प्रिप्यात शहरासाठीचे आकडे उचलू नका. तिथे सिझियम मुख्यतः कोरडंच बसलं. कोरडं बसताना झाडं गवताच्या तिप्पटही पकडतात.

किरणोत्सर्गी घटीशिवाय धुऊन जाण्याची किंवा खाली सरकण्याची घट प्रत्येक पृष्ठभागाला वेगळी, तिचं अर्धायुष्यही वेगळं. डांबरावर ७० टक्के भागाला १२० दिवसांचं अर्धायुष्य द्या, उरलेल्याला ३ वर्षांचं. मातीत सिझियम चिकणमातीच्या थरांमध्ये अडकतं आणि फार सावकाश खाली सरकतं, निम्म्याला १.५ वर्षं, निम्म्याला ५० वर्षं द्या. पाच वर्षांनी हा घटक ०.५२ येतो, म्हणजे मोकळ्या गवतावर ०.२९ऐवजी ०.१५. छपरात कौल आणि पत्रा वेगळे ठेवा, कौल सिझियम घट्ट धरून ठेवतं.

पागोळी
ठिपके उमटत नाहीत कारण छपरावरून गेलेलं सिझियम हिशेबातूनच गायब होतंय. ते पन्हळीखालच्या मातीत, गटाराच्या गाळात किंवा सांडपाण्यात गेलं पाहिजे. मॉडेलच्या दर कालपावलाला एकूण बेकरेल मोजा. किरणोत्सर्गी घट सोडून बेरीज बदलली तर कोडमध्ये गळती आहे. ठिपका मोठ्या चौकटीत पसरवू नका, एक चौरस मीटरचा वेगळा स्रोत ठेवा.

आणि रस्त्यावरचा आकडा फक्त रस्त्याचा नसतो. ताज्या, सपाट थरासाठी E₁(μh) − E₁(μ√(h²+R²)) काढा आणि E₁(μh)ने भागा. E₁ म्हणजे घातांकी समाकल (exponential integral); μ म्हणजे हवेत किरण किती क्षीण होतात तो गुणांक, सिझियम-१३७च्या ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट किरणांना मीटरला ०.००९३; h म्हणजे उंची, १ मीटर; R म्हणजे भोवतालच्या वर्तुळाची त्रिज्या. पहिल्या १० मीटरांतून थेट किरणांचा साधारण ५४ टक्के वाटा येतो, ५० मीटरांतून ८५. म्हणून सहा मीटर रुंद रस्त्यावरही बाजूच्या अंगणांचा वाटा मोठा. फक्त स्वतःचं अंगण खरवडल्यावर मात्रा अपेक्षेइतकी का उतरत नाही, तेही यातूनच दिसेल.

रेणुकण
खूप आभार, पृष्ठभाग वेगळे करतो. शेवटी माणसाला मिळणारी वार्षिक मात्रा कशाशी ताडून पाहू?

शून्यांतर
आधी मोजमापांतून नैसर्गिक पार्श्वभूमी वजा करा. जपानी सरकारच्या हिशेबात ती तासाला ०.०४ मायक्रोसीव्हर्ट आहे, पाचव्या वर्षी एवढा फरकही मोठा असतो. मग त्यांचाच हिशेब कोडची चाचणी म्हणून चालवा: ०.२३मधून ०.०४ गेले, उरलेले ०.१९ × (८ तास बाहेर + १६ तास घरात × ०.४) × ३६५, उत्तर वर्षाला १ मिलीसीव्हर्ट. ०.४ हा लाकडी घराच्या आडोशाचा गुणक आहे, काँक्रीटच्या इमारतीला तो पुष्कळ कमी लागेल. गाडीच्या पत्र्याचा आडोसा दुरुस्त केलेलीच मोजमापं घ्या, आणि ती फक्त मॉडेलमधल्या रस्त्याच्या बिंदूंशी ताडा. मैदानासाठी हातात धरून एक मीटरवर घेतलेली मोजमापं वेगळी ठेवा.