घरात पुस्तकं जमतात त्याला नेमका शब्द कोणता?

घरात पुस्तकं येत राहतात, वाचायच्या आधीच दुसरी येतात, आणि ती नुसती बघूनसुद्धा बरं वाटतं, या सगळ्याला मराठीत एक शब्द आहे का? जपानीत त्सुंदोकू म्हणतात, रचून ठेवणे आणि वाचणे या दोन्हींची गंमत करून मेइजी काळात (१८६८-१९१२) झालेला शब्द. आपल्याकडं संग्रह म्हणावं तर फार भारदस्त वाटतं आणि साठा म्हटलं की साखरेच्या गोदामावर धाड पडल्यासारखं.

प्रतिसाद

संग्रहात निवड असते, नोंद असते. आपलं कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं, तिथं आहे तो संग्रह, प्रत्येक पुस्तकाला नंबर आणि शिक्का. घरातली पुस्तकं मी तरी 'जमवली' असंच म्हणतो. साठवायचं ते पुढं वापरायला, धान्य, पाणी वगैरे, आणि साचतं ते आपोआप, धूळ साचते, गटार तुंबून पाणी साचतं. जमवण्यात माणसाचा हात आणि हौस दोन्ही येतं, माणसंसुद्धा आपण जमवतोच की, म्हणून मला हेच क्रियापद सगळ्यात जवळचं वाटतं.

प्रतिसाद

दादा क्रियापद बरोबर आहे पण त्यातली ओढ कुठं आली? त्याला कोल्हापुरात नाद म्हणतात! कुस्तीचा नाद, कबुतरांचा नाद, शर्यतीच्या बैलांचा नाद, तसा पुस्तकांचा नाद. व्यसन म्हटलं की दोष आला, छंद म्हटलं की रविवारचा फावला वेळ आला, नादात माणूस पगारातनं आधी पुस्तकाचे पैसे बाजूला काढतो आणि घरच्यांना पण ते माहीत असतं. फक्त क्रियापद सांभाळा, नाद 'लागतो' तो हा, 'नाद करायचा नाय' मधला नाद म्हंजे वाट्याला जाणं, तो वेगळा. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा पाहिजे म्हणून, त्यापुढं मला दुसरं उदाहरण सुचत नाही.

प्रतिसाद

ताई नाद एकदम पटलं. पण वस्तूला काय म्हणायचं, ढीग? ढीग कपड्यांचा, कसाही टाकलेला. गठ्ठा म्हंजे दोरीनं बांधलेला, रद्दीचा असतो तसा, आणि थप्पी विटांची, पोत्यांची. एकावर एक नीट रचलेल्याला आमच्या घरात चवड म्हणतात, भाकरीची चवड असते तशी पुस्तकांची चवड. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा खालच्या दोन चवडी भिजल्या, साध्या कागदाची पुस्तकं पानांत वर्तमानपत्र घालून पंख्याखाली वाळवली आणि बरीचशी बचावली, गुळगुळीत कागदाची मात्र पानं एकमेकांना चिकटून वीट झाली. ती पण टाकवत नाहीत, माळ्यावर आहेत. मूळ प्रश्नाला माझं उत्तर, 'पुस्तकांचा नाद' असं सरळ लिहा, कोल्हापूरच्या बाहेर पण कळतं.