हिशेबतपासनीस मतदारांनी निवडावा काय?

पंचवटीकर: माझा भाचा गेली अठरा वर्षे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहतो आणि आता तेथील मतदार आहे. २०२२ साली त्याच्या मतपत्रिकेवर गव्हर्नरपदाबरोबर 'स्टेट ऑडिटर' या पदाचेही उमेदवार होते. हिशेब तपासणाऱ्याने दारोदार मते मागावीत, ही कल्पनाच मला चमत्कारिक वाटली. मात्र सिंहस्थाच्या कामांसाठी खणलेले रस्ते रोज ओलांडताना, या खर्चाची तपासणी करणारा माणूस आपण निवडला असता तर काय झाले असते, असाही विचार मनात येतो. हे पद तेथे कसे निर्माण झाले आणि आपल्याकडे ते निवडणुकीने का भरले जात नाही, हे कोणी सांगू शकेल काय?

राज्यशास्त्र नाशिकरोड: आरंभी या पदाचे काम आजच्या अर्थाने लेखापरीक्षणाचे नव्हते. राज्याकडे आलेले देयक तपासून कोषागाराच्या नावे अधिपत्र, म्हणजे पैसे देण्याचा लेखी आदेश, काढणे हे ऑडिटरचे काम असे. तिजोरी एकाच्या ताब्यात आणि ती उघडण्याचा आदेश दुसऱ्याच्या सहीने, अशी ती विभागणी होती. पेनसिल्व्हेनियात हे पद १८०९ साली निर्माण झाले, पण ते लोकनियुक्त झाले १८५० च्या घटनादुरुस्तीने. मॅसॅच्युसेट्समध्ये पद १८४९ चे आणि निवडणूक १८५५ च्या दुरुस्तीपासूनची. मधल्या काळात काय घडले, हे पाहिले म्हणजे कारण उमगते. कालवे, रेल्वे आणि बँका यांसाठी अनेक राज्यांनी भरमसाट कर्जे उचलली, १८३७ च्या आर्थिक अरिष्टानंतर त्यांचे व्याजही भागेना, आणि १८४२ साली पेनसिल्व्हेनियासारख्या संपन्न राज्यालाही व्याज थकवावे लागले. विधिमंडळ आणि गव्हर्नर या दोघांवरचाही विश्वास उडालेल्या लोकांनी त्यानंतरच्या राज्यघटनांमध्ये एकेक पद मतदारांच्या हाती घेतले. मिनेसोटा १८५८ मध्ये, म्हणजे ही लाट ओसरण्यापूर्वीच, राज्य झाले.

आपल्या भाच्याला एक गोष्ट मात्र अवश्य सांगावी. १९७३ पासून तेथील राज्य सरकारच्या खात्यांची तपासणी प्रामुख्याने विधिमंडळाने नेमलेला वेगळा लेखापरीक्षक करतो. मतदारांनी निवडलेल्या ऑडिटरकडे मुख्यत्वे काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखे विभाग), शहरे आणि अन्य स्थानिक संस्थांची देखरेख आहे.

अर्धसमास: स्थानिक निधी लेखापरीक्षेत माझी नोकरी झाली, त्यामुळे प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी लिहितो. आपल्या घटनाकारांनी स्वातंत्र्य निवडणुकीत नव्हे, तर पदच्युतीच्या कठीण प्रक्रियेत शोधले. अनुच्छेद १४८ नुसार नियंत्रक व महालेखापरीक्षकांची नेमणूक राष्ट्रपती करतात. त्यांना दूर करायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी असलेलीच पद्धत अनुसरावी लागते आणि निवृत्तीनंतर त्यांना केंद्र वा राज्य सरकारचे कोणतेही पद घेता येत नाही. राज्याच्या हिशेबांवरील त्यांचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतो आणि पुढे लोकलेखा समिती त्याची छाननी करते.

खरी अडचण त्याखालच्या पायरीवर आहे. महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक आयुक्तांऐवजी स्थायी समितीला अहवाल देतो, हे कागदावर उत्तम दिसते. परंतु मोठ्या निविदांना मंजुरी देणारीही तीच समिती असते. मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा तर समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच गेले, म्हणजे खर्च करणारा आणि त्यावरील आक्षेप ऐकणारा एकच झाला. एका नगरपालिकेत (नाव घेत नाही) पाण्याच्या टँकरच्या देयकांवर मी अर्धसमास, म्हणजे लेखापरीक्षकाचा लेखी आक्षेप, दिला होता. चार वर्षांनी त्याचे अनुपालन, म्हणजे उत्तर, आले, तेही एका ओळीचे: 'अभिलेख उपलब्ध होत नाही.' मी निवडून आलेला असतो, तरी ती ओळ बदलली असती असे मला वाटत नाही.

गंगापूर रोड वाचक: निवडणुकीची दुसरी बाजूही पाहावी. मिनेसोटाचे आर्नी कार्लसन १९७९ ते १९९१ ऑडिटर होते आणि तेथून थेट गव्हर्नर झाले. मार्क डेटन १९९१ ते १९९५ या काळात ऑडिटर होते, तेही पुढे गव्हर्नर झाले. पुढच्या पदावर डोळा असलेला माणूस स्वपक्षाच्या ताब्यातील शहराचे हिशेब किती कठोरपणे तपासेल, ही शंका रास्तच आहे. उलट, मॅसॅच्युसेट्सच्या निर्वाचित ऑडिटर डायना डिझोग्लिओ यांनी विधिमंडळाचेच हिशेब तपासायचा आग्रह धरला, तो मानला गेला नाही, तेव्हा त्यांनी प्रश्न थेट जनतेपुढे नेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ७२ टक्के मतदारांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. त्यानंतरही विधिमंडळाने दप्तर उघडायला नकार दिला, हा भाग वेगळा. नेमलेल्या अधिकाऱ्याला असा कौल मागण्याची सोयच नसते.

पंचवटीकर: सर्वांचे आभार. अर्धसमास यांना एवढेच विचारतो, की टँकरच्या त्या आक्षेपाचे पुढे काय झाले?

अर्धसमास: मी निवृत्त झालो, त्या दिवशी तो परिच्छेद प्रलंबित यादीतच होता.