रंग फवारायच्या एअरलेस मशीनला कोणत्या नंबरची टिप (गनच्या तोंडाचं नोझल) लावू? पट्टे पडताहेत, लवकर सांगा

शिवार_साइट: नवीन एअरलेस मशीन घेतलंय. भिंतीवर मारलं की पट्ट्याच्या दोन्ही कडांना जाड रेघा उमटतात, मधे फिकट. प्रेशर पूर्ण वाढवलं, तरी तेच. गुरुवारी वास्तुशांत आहे, हॉल आणि दोन खोल्या बाकी आहेत. नंबर तेवढा सांगा.

कोट_दोन: रंग कोणता? आत्ता टिप कोणती आहे?

शिवार_साइट: रंग पांढरा. टिप ५१७, दुकानदाराने वेगळी दिली.

कोट_दोन: पांढरा हो, पण इमल्शन (पाण्यात मिसळणारा) की ऑईल पेंट? आणि मशीनवर जास्तीत जास्त टिप किती चालते ते लिहिलेलं असतं. ते बघितल्याशिवाय नंबर सांगता येणार नाही.

रोलरवाला_नाशिक: घरातल्या कामाला मशीन कशाला? मास्किंगलाच (कागद-टेपने झाकायला) अर्धा दिवस जातो. रोलरने दोन कोट मारा, बुधवारपर्यंत होईल.

कोट_दोन: रोलरवाले, रिकामं घर आहे, छतासकट मारायचंय. इथे मशीनच बरं.

शिवार_साइट: इमल्शन. मशीनवर कमाल ०.०१५ लिहिलंय.

कोट_दोन: मग दोष तिथेच आहे. ५१७ मधला ५ दुप्पट करा: गन भिंतीपासून फूटभर लांब धरली तर १० इंची पट्टा. १७ म्हणजे छिद्र ०.०१७ इंच. तेवढ्या छिद्राला पुरेल इतका रंग तुमचा पंप ढकलू शकत नाही. ट्रिगर दाबला की प्रेशर पडतं आणि रंग कडांना गोळा होतो. ५१५ घ्या. इमल्शनला ०.०१५ चालतं.

पातळ_करा: टिप बदलायची गरजच नाही. पाणी वाढवा, रेघा जातात. आम्ही तसंच करतो.

कोट_दोन: डब्यावर लिहिलंय त्याहून जास्त पाणी घातलं की रंग झाकत नाही, ओघळतो, आणि एक कोट वाढतो. छिद्र मोठंच राहतं. पाणी हा इलाज नाही.

माधवी_सातारा: टिपेआधी गनमधली जाळी बघा. इमल्शनला ६० मेशची (इंचाला ६० छिद्रं) लागते. बारीक जाळी असेल किंवा तुंबली असेल तरी अशाच रेघा येतात. रंग कापडातून गाळून घेता ना?

जुना_वाडा: आमच्या भिंतीला खालून ओल येते, रंगाचे पापुद्रे सुटतात. त्यावर कोणती टिप?

माधवी_सातारा: ओलीवर टिप नाही, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

शिवार_साइट: जाळी साफ होती. ५१५ आणली, पट्टा एकसारखा येतोय. गेटलाही हीच चालेल का?

कोट_दोन: गेटला ऑईल पेंट असेल तर नाही. ३११ घ्या, ६ इंची पट्टा, छिद्र बारीक. जाळी १०० मेशची. आधी पाण्याने आणि मग टर्पेंटाईनने पाइप धुवा, नाहीतर आतल्या इमल्शनच्या गुठळ्या होऊन टिप तुंबेल.

माधवी_सातारा: आणि टिप तुंबली तर बोटाने पुसू नका. मशीन बंद, प्रेशर सोडा, ट्रिगरला लॉक, मग हात. या प्रेशरला रंग कातडीत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमवावं लागू शकतं. लागलंच तर थेट हॉस्पिटल गाठा आणि रंगाचा डबा सोबत न्या.