कंपनी कामगारांना कसे वागवते, हे शेअर घेण्यापूर्वी कसे तपासावे? मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्याच्या पॅकिंग विभागातून मी निवृत्त झालो असून सध्या फोंड्याला राहतो. निवृत्तीच्या रकमेचा काही भाग शेअरमध्ये गुंतवताना कंपनी आपल्या माणसांना कसे वागवते, हा निकष मला लावायचा आहे. यात परोपकार थोडाच. आमच्याकडे दर तीन महिन्यांनी कंत्राटी मुले बदलत, नवा हात मशीनवर आला की खोक्यांवर बॅच क्रमांक चुकीचा छापला जाई आणि रात्रपाळीला अख्खा माल सोडवून पुन्हा भरावा लागे. तो खर्च नफा-तोटा पत्रकात वेगळा कधीच दिसला नाही.

वित्त विषयाचे प्राध्यापक ॲलेक्स एडमन्स यांच्या २०११ च्या अभ्यासात, काम करण्यास उत्तम ठरलेल्या अमेरिकी कंपन्यांच्या शेअरनी १९८४ ते २००९ या काळात, जोखमीचा हिशेब धरूनही, वर्षाला ३.५ टक्के जादा परतावा दिल्याचे आढळले. आपल्याकडे सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता यांविषयीचा वार्षिक अहवाल, सक्तीचा केला आहे. त्यात अपघातांचे प्रमाण मिळते; नोकरी सोडण्याचे प्रमाण मात्र कायम कर्मचारी व कामगारांचेच विचारलेले असते, आणि माझ्या अनुभवाने खरी गळती कंत्राटी लोकांत असते.

ही गळती अहवालातील कोणत्या आकड्यांवरून ताडावी? शिवाय, चांगल्या वागणुकीची किंमत शेअरच्या भावात आधीच धरली गेली आहे का, हे आपण कसे पाहता? प्रत्यक्ष असे अहवाल वाचून गुंतवणूक करणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.