आरिया, पद आणि भावशबलता

पणजीहून : भाची पाश्चात्य गायन शिकते, तिच्या कार्यक्रमाचं मराठी निवेदन माझ्याकडे आहे. व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता' या ऑपेरातली (१८५३) नायिका व्हियोलेत्ताची पहिल्या अंकाच्या शेवटची आरिया, म्हणजे ऑपेरात एका पात्रानं गायचं गाणं, ती गाणार आहे. आरियाला 'पद' म्हणावं का? आणि एकाच गाण्यात मन इतक्यांदा पालटतं, त्याला नेमका शब्द कोणता? 'भावनांचे हिंदोळे' नको वाटतं.

फोंड्याहून : आरियाच ठेवा. आपल्याकडे जत्रेच्या नाटकाला बसणारा माणूस पद सुरू झालं की एकच भाव आळवला जाणार, हे धरूनच चालतो. हेंडेलच्या 'जूलियो चेझारे'त (१७२४) कैदेतली क्लिओपात्रा विलाप करते, मध्येच सूडाच्या विचारानं लय चढते, आणि ती परत त्याच विलापावर येते. तिथे पद म्हटलेलं एक वेळ चालेल, ध्रुवपदावर आल्यासारखंच ते. व्हियोलेत्ता मात्र मागे येत नाही.

दुसरा शब्द अलंकारशास्त्रात तयार आहे : भावशबलता. एका भावाला दाबून दुसरा वर येतो, त्याला तिसरा दाबतो. दोन भाव तुल्यबळ होऊन एकाच वेळी भिडले तर भावसंधी. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं दोन्ही वेगळे सांगितले आहेत आणि इथे दोन्ही लागतात.

पाहुणे गेल्यावर व्हियोलेत्ता एकटी उरते. आधी सुट्या लयीत, जवळजवळ बोलल्यासारखी. मग संथ, बिचकत : हाच असेल का तो? तिच्यावर जीव जडलेल्या आल्फ्रेदोनं मघाशी गायलेली प्रेमाची चाल आता तिच्या तोंडी येते. तेवढ्यात 'फोल्लिए!', नुसता खुळेपणा हा! सूर तुटतात, ताना वर झेपावतात, आणि द्रुत लयीत ती सांगते, मी कायम मोकळीच राहणार. इथवर शबलता. पण ते चालू असतानाच बाहेरून आल्फ्रेदोचा आवाज तीच चाल घेऊन येतो. ती थबकते, आणि आणखी त्वेषानं गाऊ लागते. हा संधी. भाचीला सांगा, त्या थबकण्याला घाई करू नकोस.

मडगावहून : 'शबल' म्हणजे अनेक रंगांचं. वसिष्ठांच्या गायीचं नाव शबला, ते पुष्कळांना ठाऊक असतं. तेवढं निवेदनात घातलं तर शब्द जड होणार नाही. आरिया स्त्रीलिंगी लिहा, इटालियनमध्येही तसंच आहे.

पणजीहून : मग 'आरिया गायली जाईल' असं करतो. शबलेचंही घेतो. आभार.