भिंतीलगतचा ढिला पट्टा: पायाचा चर की नंतरचा खड्डा?

नमस्कार मंडळी, आमच्या उत्खननातला छेद (खड्ड्याची उभी बाजू, जिच्यात मातीचे थर दिसतात) वाचायला मदत हवी आहे. जरा घाई आहे, कारण चार दिवसांत हा बाल्क (थर बघण्यासाठी न खणता राखलेली मातीची भिंत) उतरवायचा आहे आणि एकदा उतरवला की पुन्हा बघायला काही उरणार नाही.

विटांची भिंत आहे, नऊ रांगा शाबूत. पूर्वेच्या छेदात वरून खाली भुसभुशीत तपकिरी माती, ४ सेंमी जाडीची चुन्याची जमीन, मग कोळशाचे कण असलेली राखाडी माती आणि तळाशी घट्ट पिवळी माती. राखाडी आणि पिवळा थर भिंतीपर्यंत पोचतच नाहीत. २५ सेंमी अलीकडे सुरीने कापल्यासारखे थांबतात. मधल्या पट्ट्यात गडद माती, करणी टेकवली की आत जाते. तिच्यात विटांचा चुरा आणि पिवळ्या मातीची ढेकळं मिसळली आहेत.

मला हा पायाचा चर वाटतो, म्हणजे भिंत बांधताना खणलेला आणि मग भरलेला. सहकारी म्हणतात, विटा पळवायला नंतर कुणीतरी खणलंय. पट्ट्यात चकाकीच्या भांड्याचा एकच तुकडा मिळाला, तोही राखाडी थरातल्या खापरांपेक्षा बराच अलीकडचा. मग भिंतही तेवढीच अलीकडची धरायची का?

पश्चिमेकडे ताडून बघावं तर आधीच्या गटाने भिंतीचा माग काढत कडेकडेने सरळ खणत नेलं आहे. भिंत सुंदर उघडी पडली, पण तिला टेकलेला एकही थर राहिला नाही. फार हळहळ वाटते.

प्रतिसाद १
चुन्याची जमीन भिंतीला भिडते का, हे तुम्ही लिहिलंच नाही! सगळा निकाल तिथे आहे. ती पट्ट्यावरून अखंड जाऊन भिंतीला भिडत असेल, तर चर तिच्याखाली बंद झाला, म्हणजे तो जमिनीच्या आधीचा. तीही पट्ट्याशी तुटत असेल, तर कुणीतरी जमीन फोडून खाली उतरलं. खालच्या रांगांचे सांधेही बघा. चरात दडणारा भाग गवंडी सहसा घासूनपुसून घेत नाही, गारा (विटा जोडणारा ओला माल) तसाच बाहेर आलेला असतो.

कडेकडेने खणण्याबद्दल पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरही कळकळीने बजावत असत. भिंतीचा काळ तिला भिडणाऱ्या आणि तिच्यासाठी कापलेल्या थरांवरून कळतो, नुसत्या विटांवरून नाही.

प्रतिसाद २
तुकड्याबद्दल: बंद चरात तो खरोखर असेल, तर चर त्याच्या काळाआधी भरलेला असू शकत नाही. पण एका तुकड्यावर भिंतीचं वय ठरवू नका, आधी घुशीची बिळं शोधा, तुकडा त्यांतून वरून घसरला असू शकतो. आणि कापाला (थर जिथे खणून तोडले ती कड) स्वतःचा वेगळा क्रमांक द्या, भरावाला (त्यात भरलेल्या मातीला) वेगळा. पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिस यांनी १९७३मध्ये मांडलेल्या, थरांचा क्रम दाखवणाऱ्या आराखड्यात तो कापही एक स्वतंत्र घटना आहे.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. चुन्याची कड वरच्या मातीने माखली होती म्हणून लिहिलं नव्हतं. आज सकाळी तिरप्या उन्हात छेद खरवडला, हलकं पाणी फवारलं. जमीन भिंतीला भिडते! फक्त एका जागी मुठीएवढं भोक आहे, आत वरचीच तपकिरी माती. तुकडा बरोबर त्याच्या खाली १२ सेंमीवर मिळाला होता. खालच्या तीन रांगांवर गाराही ओघळलेला आहे.

तुकड्याची पिशवी भरावातून काढून बिळाच्या नव्या क्रमांकाखाली ठेवली. उद्या छेद पुन्हा रेखाटतो, मगच बाल्कला हात लावू.