लोकसंख्या कमी झाली म्हणजे खान्देशातली गरिबी हटेल का?

गिरणाकाठ (चाळीसगाव):
शेताची वाटणी असो की नोकरीचा दुष्काळ, शेवटी कोणीतरी म्हणतंच, "लोकं फार झाली." मला हे पटत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात एका बाईमागे सरासरी 2 मुलं निघाली, महाराष्ट्रात 1.7. तरी आपली पोरं सुरतेला का जातात? इथे कापूस पिकतो, जिनिंगमध्ये सरकी काढून गाठी बांधतात आणि त्यातल्या बहुतेक बाहेर जातात. सूत, कापड, शिलाई, जिथे भरपूर हातांना काम मिळतं, ते सगळं दुसरीकडे. विप्रो 1945 साली अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झाली, संगणकाचं काम मात्र बंगळुरात वाढलं. यात जन्मदराचा काय दोष?
दक्षिण कोरियात 1960 च्या सुमारास बाईला सरासरी सहा मुलं व्हायची. तिथली कारखानदारी उभी राहिली ती त्याच पिढीच्या हातांवर.

केळीबाग (रावेर):
भाऊ, कोरियाचं अर्धंच सांगितलं. तिथल्या सरकारने 1962 पासून कुटुंबनियोजन गावोगाव नेलं. सांभाळायची मुलं कमी झाली तेव्हा शिक्षणाला आणि बचतीला पैसा उरला, तो उद्योगात गेला.
आणि आजचा जन्मदर दाखवून कालचा हिशोब मिटत नाही. 1951 मध्ये देश 36 कोटींचा होता, 2011 मध्ये 121 कोटींचा. आजोबांची बावीस एकर होती, चुलत्या-भावांत वाटत वाटत माझ्याकडे अडीच आली. केळीला ठिबक केलंय, तरी बोअरचं पाणी खाली खालीच चाललंय. यावल-रावेर पट्ट्यात जमिनीत मुरतं त्याहून जास्त पाणी आपण उपसतो. नायजरमध्ये आजही बाईला सहाच्या आसपास मुलं होतात. त्या देशाने शाळा बांधायच्या तरी किती, आणि कशातून?

सातपुडा (धडगाव):
दादा, मूल जगेल याची खात्री नसते तिथे बायकांना जास्त मुलं होतात. आमच्याकडे दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुलीची शाळा सुटते, मग लग्न लवकर, आणि अंगात रक्त नसताना पहिलं बाळंतपण. तिला "दोनवर थांब" सांगून काय होणार? बांगलादेशात आरोग्यसेविका गर्भनिरोधक गोळ्या घेऊन दारोदार गेल्या, कपड्यांच्या कारखान्यांत मुलींना पगार मिळू लागला. सत्तरच्या दशकात तिथे बाईमागे सहाच्या वर मुलं होती, आता दोनच्या आसपास आहेत. तोवर तो देश काही श्रीमंत झाला नव्हता.
आणखी एक सांगते, राग मानू नका. 2011 च्या जनगणनेत केळी-कापसाच्या सधन जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे साडेआठशे मुलीही नव्हत्या. आमच्या गरीब नंदुरबारमध्ये नऊशेच्या वर होत्या. लहान कुटुंब हवं, पण त्यात मुलगा हवाच, या हट्टाने हे झालंय.

केळीबाग (रावेर):
ताई, मुलींचं खरं आहे, आमच्या पट्ट्याला ती शरमच आहे. पण म्हणून सरकारने हात झटकायचे का? 2001 पासून तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायत लढवता येत नाही. तीच अट सगळ्या सवलतींना लावा, लोक आपोआप विचार करतील.

सातपुडा (धडगाव):
ऊसतोडीला गेलेल्या बाईचं रेशन तोडाल? तिसरं मूल किती वेळा नवऱ्याच्या नाहीतर सासूच्या हट्टाने होतं, आणि उपाशी ती आणि तिची पोरं राहतील. मी याच्या ठाम विरोधात आहे.

धुळ्याचा_माग:
बरोबर शे ताई. पावरलूमवर माणसं मिळत नाहीत म्हणून मालक रडतात, आणि गावात पोरं रिकामी. बारा तास उभं राहून जो पगार मिळतो त्यात घर चालत नाही, हे कोणी बोलत नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव):
केळीबागभाऊ, तुमच्या अडीच एकरांचं दुःख मला कळतं. पण पुढच्या वाटण्या थांबायला मुलगा शेतीबाहेर पोटाला लागला पाहिजे. कोरियात 2023 मध्ये बाईमागे सरासरी मुलं 0.72 वर आली, चीनची लोकसंख्या 2022 पासून घटतेय. आपल्याकडे कमावत्या वयाची माणसं आत्ता भरपूर आहेत, आणखी दोन-तीन दशकांनी म्हातारी वाढतील. म्हणून माझी मागणी हीच: तालुक्याच्या एमआयडीसीत सूतगिरणी आणि शिलाईचे कारखाने, रावेरला केळीवर प्रक्रिया, आणि ऊसतोडीच्या हंगामात मुलींना गावातच ठेवणारी वसतिगृहं. तिसऱ्या मुलावर दंड बसवण्याआधी यातलं काय काय केलं, ते आमदारांनी आधी सांगावं.

केळीबाग (रावेर):
कारखाने आणाच, पहिला अर्ज माझ्या मुलाचा. पण त्यांना पाणी कुठल्या धरणातून देणार, तेही लिहा.